आहेराच्या वहीच्या मागच्या पानावर: परदेशातल्या कॅन्सर उपचारांचा खर्च

जालना जिल्ह्यातल्या एका घरी आहेराची वही पाहिली. पुढच्या पानांवर लग्नातले आकडे होते: कुणाचे १०१, कुणाचे ५०१, मामांचा भरपोशाख, मावशीचा कुकर. वही उलटी करून मागून दुसरा हिशेब सुरू झाला होता. सीटी स्कॅन, बायोप्सी, पहिली केमो, संभाजीनगरला जाण्यायेण्याचे डिझेल. लग्नाला जेमतेम पाच महिने झाले होते. सगळ्यात खाली पेन्सिलीने लिहिले होते, ‘६५ लाख?’ ते प्रश्नचिन्ह दोन-तीनदा गिरवलेले. परदेशातल्या नव्या, ‘प्रायोगिक’ उपचाराचा हा आकडा कुणा एजंटाने फोनवर सांगितला होता. हे टिपण त्या प्रश्नचिन्हासाठी.

‘किती’ हा नंतरचा प्रश्न. आधी विचारायचे, ‘पैसे कोण भरणार?’ उपचार खरोखर प्रायोगिक असेल, म्हणजे रीतसर ट्रायल सुरू असेल, तर चाचणीतल्या औषधाचे पैसे सहसा पेशंटकडून घेत नाहीत. ते चाचणी घेणाऱ्या कंपनीने किंवा संस्थेने भरायचे असतात. भारतात तर २०१९ च्या नव्या औषध व चाचणी नियमांप्रमाणे चाचणीमुळे इजा झाली तर उपचार आणि भरपाईही त्यांच्याच डोक्यावर. म्हणून एजंटाला एकच गोष्ट मागा: ट्रायलचा नोंदणी क्रमांक. भारतातली चाचणी सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत सापडते, अमेरिकेतली क्लिनिकलट्रायल्स डॉट गव्हवर. दोन्ही बघायला पैसे पडत नाहीत. अमेरिकी यादीत नाव असणे म्हणजे तिथल्या सरकारची पसंती नव्हे, तेव्हा क्रमांक मिळाला की तो आपल्या ऑन्कॉलॉजिस्टपुढे ठेवा. क्रमांक नाही आणि ‘प्रायोगिक आहे म्हणूनच महाग’ असे उत्तर आले, तर प्रयोगही तुमच्यावर आणि बिलही तुमच्याच नावावर. तिथून उठायचे.

हा धंदा जुना आहे. अमेरिकी नट स्टीव्ह मॅक्वीन १९८० मध्ये असाच मेक्सिकोला गेला होता. तिथल्या उपचारांत जर्दाळूच्या बियांतल्या द्रव्यापासून केलेले लेट्राइल होते. त्याच वर्षी तो गेला. १९८२ मध्ये अमेरिकेत १७८ रुग्णांवरच्या चाचणीचा निकाल छापून आला. गुण कुणाला आला नव्हता, काहींच्या रक्तात सायनाइड मात्र प्राणघातक पातळीच्या जवळ पोहोचले होते.

खऱ्या ट्रायलमध्येही एक मेख आहे. औषध फुकट असले तरी खाट, स्कॅन, रक्तचाचण्या, नेहमीची औषधे, आयसीयू हे ‘नेहमीचे उपचार’ म्हणून वेगळे लावले जाऊ शकतात. तिथल्या माणसाचे ते पैसे त्याचा विमा भरतो. आपल्याला तिथे विमा कुठला? म्हणून अंदाजपत्रक मागताना दोन रकाने मागा: चाचणी काय भरते, आम्ही काय भरायचे. गुंतागुंत होऊन आयसीयूत ठेवावे लागले तर दिवसाला किती, हेही लेखी घ्या. घरे बुडतात ती बहुधा या ओळीत.

दुसरा प्रश्न: आपणच जायला हवे का? शरद पवारांना २००४ मध्ये तोंडाचा कॅन्सर निघाला तेव्हा ते न्यूयॉर्कला गेले, आणि तिथल्या तज्ज्ञांनी भारतातल्याच डॉक्टरांची नावे सांगितली, हे त्यांनी स्वतः जाहीरपणे सांगितलेले आहे. गेल्या काही वर्षांत इथल्या आणि तिथल्या उपचारांतले अंतर आणखी कमी झाले. रक्ताच्या काही कॅन्सरवरची कार-टी पेशी उपचारपद्धती घ्या. पेशंटच्याच पांढऱ्या पेशी काढायच्या, प्रयोगशाळेत बदलायच्या, परत सोडायच्या. अमेरिकेत २०१७ मध्ये हिला पहिली मंजुरी मिळाली तेव्हा एका वेळच्या औषधाची छापील किंमत ४,७५,००० डॉलर होती. डॉलरला ९० रुपये धरले तर सव्वाचार कोटींच्या वर, हॉस्पिटलचे बिल वेगळे. मुंबईत आयआयटी आणि टाटा मेमोरियल यांनी मिळून तयार केलेल्या नेक्सकार-१९ ला ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजुरी मिळाली, आणि सुरुवातीला सांगितलेला तिचा आकडा ४० लाखांच्या आसपास होता. तोही काही थोडका नाही, मोसंबीची बाग विकूनही जमायचा नाही. शिवाय ती बी-पेशींचा लिम्फोमा आणि ल्युकेमिया यांतही उलटलेल्या किंवा न दबलेल्या आजारालाच लागू पडते. स्तन, तोंड, जठर यांसाठी नाही.

आणि कधी कधी माणसाऐवजी औषधच इकडे येते. भारतात मंजूर नसलेले औषध स्वतःच्या वापरापुरते मागवायची परवानगी औषध नियमांत आहे. डॉक्टरांच्या चिठ्ठीसह ‘१२-ए’ हा अर्ज करायचा, परवाना ‘१२-बी’ नमुन्यात मिळतो. एजंट हे सांगत नाही, कारण त्यात त्याचे काही सुटत नाही. डॉक्टरांना मात्र जरूर विचारा.

एवढे करूनही जायचे ठरले तर हिशेब औषधापासून मांडू नका, दिवसांपासून मांडा. कार-टीसारख्या उपचारात पेशी तयार व्हायला काही आठवडे, पुढे आणखी काही आठवडे हॉस्पिटलच्या जवळपास राहणे. तीन महिने धरा. दोघांची खोली आणि जेवण मिळून दिवसाला नुसते १०० डॉलर धरले, तरी ९० दिवसांचे ९,००० डॉलर, म्हणजे ८ लाख १० हजार रुपये. मोठ्या शहरात १०० डॉलरमध्ये भागणे कठीण. त्या मानाने कागदांचा खर्च किरकोळ: पासपोर्टला १,५०० रुपये, तत्काळला ३,५००. अमेरिकेच्या बी-२ व्हिसाची मूळ फी माणशी १८५ डॉलर. व्हिसासाठी इथल्या डॉक्टरांचे निदानपत्र, तिथल्या हॉस्पिटलचे खर्च आणि मुदत सांगणारे पत्र, आणि पैसे कुठून आणणार याचा पुरावा लागतो. व्हिसा नाकारला तरी फी परत नाही, म्हणून हॉस्पिटलचे पत्र हातात आल्याशिवाय अर्ज करू नका, आणि व्हिसा मिळाल्याशिवाय तिकीट काढू नका.

पैसे बँकेतूनच पाठवा. एका व्यक्तीला आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात, उपचारासाठी त्याहून जास्त लागले तर हॉस्पिटलच्या अंदाजपत्रकावर परवानगी आहे. एप्रिल २०२५ पासून १० लाख रुपयांपर्यंत टीसीएस (बँकेने आधीच घेतलेला आगाऊ कर) लागत नाही, त्यावर लागतो. तो बुडत नाही, विवरणपत्र भरले की वळता होतो, पण तोवर रक्कम अडकते. हवालाने ‘स्वस्तात’ पाठवून देणारा भेटेल. त्याची पावती व्हिसा अधिकाऱ्यापुढे ठेवता येत नाही.

बॅगेत रिपोर्टांसोबत बायोप्सीचे ब्लॉक आणि स्लाइड हव्यात. त्या नसतील तर परदेशात गाठीचा तुकडा पुन्हा काढतात, आणि त्याचे बिल पुन्हा. मॉर्फिन चालू असेल तर नावासह मूळ चिठ्ठी औषधाजवळच ठेवा. आणि एक अप्रिय ओळ अंदाजपत्रकात लिहून ठेवा: काही विपरीत झाले तर परत आणण्याचा खर्च. परदेशी अडचणीत सापडलेल्या भारतीयांसाठी वकिलातींकडे कल्याण निधी असतो, तिथले फोन नंबर निघण्यापूर्वीच घ्या.

आता नव्या जोडप्याच्या गोष्टी. पहिली, मुलाबाळांची. केमोने किंवा रेडिएशनने ती शक्यता जाऊ शकते, आणि सासू-सासऱ्यांसमोर हा विषय काढायला कुणी धजावत नाही. पुरुषाचे वीर्य गोठवणे हा काही हजारांचा आणि एका दिवसाचा मामला. बाईचे बीज किंवा गर्भ गोठवायला साधारण दोन आठवडे लागतात आणि खर्च दीड-दोन लाखांच्या आसपास जातो. कायद्याने ते दहा वर्षांपर्यंत ठेवता येते. केमोच्या पहिल्या तारखेआधी हे डॉक्टरांशी दाराआड बोलून घ्या. नंतर त्याचा फारसा उपयोग होत नाही.

दुसरी, विम्याची. आपल्याकडच्या बहुतेक पॉलिसी भारताबाहेर चालत नाहीत, आणि ‘सिद्ध न झालेले उपचार’ जवळपास प्रत्येक पॉलिसीत वगळलेले असतात (कलम Excl16). महात्मा फुले योजनेचे कुटुंबामागे वर्षाला ५ लाख इथल्याच हॉस्पिटलांत. ते आधी वापरा. रेल्वेत कॅन्सर पेशंटला उपचाराच्या प्रवासासाठी स्लीपर आणि थ्री-एसीचे भाडे माफ, सोबत्याला ७५ टक्के सवलत. त्यासाठी हॉस्पिटलचा ठराविक नमुन्यातला दाखला लागतो. देवगिरी एक्स्प्रेसने दादर गाठणाऱ्या कित्येकांना हे माहीत नसते.

तिसरी, दागिन्यांची. ते सुनेचे स्त्रीधन आहे. कर्ज काढायचे तर तिला विचारून, आणि मोडण्याऐवजी बँकेत तारण ठेवून. किमतीच्या साधारण पाऊणपट मिळतात. घरातल्या चार पुरुषांनी बैठकीत ठरवून टाकायची ही गोष्ट नव्हे.

एजंटाला एक रुपयाही द्यायच्या आधी फाइल घेऊन संभाजीनगरच्या शासकीय कॅन्सर रुग्णालयात जा, जालन्यापासून साठेक किलोमीटर आहे. मग परळला टाटामध्ये. आणि जाण्यापूर्वी लग्नाची नोंद करून घ्या. व्हिसा अर्ज, विम्यात जोडीदाराचे नाव, गर्भ गोठवण्याची संमती, सगळीकडे नोंदणीचा दाखला लागू शकतो. लग्नपत्रिका आणि फोटोवर सहसा कुणी भागवून घेत नाही. खेड्यात ही नोंद ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे (पूर्वीचा ग्रामसेवक) होते, तीन साक्षीदार लागतात, आणि लग्नापासून ९० दिवसांत केली तर फी सगळ्यात कमी. मुदत टळून गेली असली तरी नोंद होते, म्हणून येत्या सोमवारीच ग्रामपंचायतीत जाऊन या.