ऊन पाणी फिरविणारा पंप

निफाडकडील थंडीचा कडाका द्राक्षबागाइतदारांना पुरता ठाऊक आहे. पण ती थंडी थोड्या दिवसांची, आणि तिच्यासाठीं सबंध घर तापविण्याची व्यवस्था नाशिकांत सहसा कोणी करीत नाहीं. स्नानापुरता बंब किंवा गच्चीवरील सूर्यतापक असला म्हणजे झालें. युरोपांतील थंड देशांत मात्र बॉयलरमध्यें तापविलेलें पाणी नळांतून खोल्याखोल्यांत फिरतें, रेडिएटर नांवाच्या लोखंडी पेट्यांत आपली उष्णता सोडतें, आणि निवून परत बॉयलरकडे येतें. आपल्यापैकीं कित्येकांचे आप्त आज अशा घरांत राहतात. हें पाणी फिरविणारा पंप केवढा असावा, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाहीं. कारण व्यवहारांतली नेहमींची समजूत येथें हमखास फसविते.

ती समजूत अशी: घर तीन मजल्यांचें, म्हणजे पाणी नऊ मीटर चढवावयाचें, तेव्हां नऊ मीटर 'हेड'चा पंप घ्यावा. विहिरीपुरता हा हिशेब अगदीं बरोबर आहे. १९१० सालीं वसलेल्या किर्लोस्करवाडीच्या पंपांनीं महाराष्ट्रांतील कित्येक मळे भिजविले. तेथें वर आलेलें पाणी पाटानें निघून जातें, म्हणून त्याचा सारा भार पंपालाच उचलावा लागतो.

आतां रहाटगाडगें डोळ्यांपुढें आणा. वर येणारीं गाडगीं भरलेलीं, खालीं जाणारीं रिकामीं; म्हणून बैलास ओढ लागते. समजा, गाडगीं वर येऊन ओतलींच नाहींत, तशींच भरलेलीं खालीं गेलीं, तर? चढत्या बाजूचा भार उतरत्या बाजूच्या भारानें तोलला जाईल, आणि बैलास केवळ आंसाच्या घर्षणापुरतें श्रम पडतील. (मळा कोरडा राहील, हें खरें!) बंद नळांतील पाण्याची हीच स्थिति असते. नळ एकदां पूर्ण भरून आंतील हवा काढून टाकली कीं, घर तीन मजल्यांचें असो वा दहा, पंपास फक्त घर्षणाशीं झुंजावें लागतें.

उलट, ऊन पाणी हलकें असल्यामुळें आपण होऊनच वर चढतें. सूर्यतापकाची टाकी वरच्या बाजूस ठेवतात ती याचसाठीं, आणि युरोपांतही पूर्वीं पंपावांचून घरें तापत. पण हा जोर क्षीण. त्याला नळ जाड लागत. पुढें डोर्टमुंड येथील विल्हेल्म ओप्लेंडर यांनीं १९२८ सालीं नळाच्या वांकणांतच बसणारा पंप तयार केला.

आतां गणित करूं. एखाद्या घरास ६ किलोवॉट उष्णता लागते असें धरा. म्हणजे तासास सुमारें ५,१६० किलोकॅलरी. पाणी ५० अंशांवर निघून ४० अंशांवर परतत असेल, तर प्रत्येक लिटर १० किलोकॅलरी देऊन येतो. अर्थात् तासास ५१६ लिटर पाणी फिरलें कीं पुरे. सर्वांत लांबचा फेरा जाऊन-येऊन ४० मीटर असला, आणि नळ बेताचा रुंद असल्यानें दर मीटरास १५ मिलिमीटर घर्षण धरलें, तर ६०० मिलिमीटर होतात; वांकणें व झडपा यांसाठीं आणखी निम्मे धरा. एकूण ९०० मिलिमीटर; रेडिएटर वगैरेंसह फार तर दीड मीटर! कोठें नऊ आणि कोठें दीड! एवढें पाणी तेवढ्या जोरानें फिरविण्याचें खरें काम तीन वॉटहि नाहीं. पंपांतील घट धरूनहि वीस वॉटचा पंप पुष्कळ झाला.

पंपाबरोबर मिळणाऱ्या आलेखावर ५१६ लिटर व दीड मीटर हा बिंदु रेषेच्या मधल्या भागांत यावा. मोठा पंप असलेला बरा, हा विचार येथें महागांत पडतो. तेच पाणी त्याच नळांतून दुप्पट वेगानें ढकललें तर घर्षण चौपट व शक्ति आठपट लागते. शिवाय झडपा रात्रभर शीळ घालतात तें निराळेंच. हिवाळ्यांत पंप ५,००० तास चालला, तर २० वॉटला १०० युनिट वीज जाते, ९० वॉटला ४५०. घर दोन्हींत सारखेंच ऊब धरतें.

धातूचाहि विचार हवा. बंद फेऱ्यांत तेंच तें पाणी फिरतें, त्यांतील प्राणवायु लवकर संपतो, आणि बिडाच्या पंपास गंज फारसा चढत नाहीं. स्नानगृहाच्या नळांत मात्र रोज नवें पाणी येतें. म्हणून आपल्याकडे टाकी खालीं व तापक वर अशी रचना असल्यास, आणि तेंच पाणी स्नानास वापरावयाचें असल्यास, पंप कांशाचा किंवा न गंजणाऱ्या पोलादाचा मागून घ्यावा.