जुन्या पिकअपच्या सांगाड्याचा गंज

खताची पोती वाहणाऱ्या जुन्या पिकअपचा सांगाडा बहुधा आतून गंजतो. खतातील क्षार ओल धरून ठेवितात. वरून रंग देणे म्हणजे केवळ डोळ्यांचे समाधान होय. सांगाडा हातोडीने ठोकून पाहावा. खणखणीत नाद न येता बद्द आवाज आला, तर तेथील लोखंड खाल्ले गेले असे समजावे. तो भाग निरोगी लोखंड लागेपर्यंत कापून तितक्याच जाडीचे ठिगळ वेल्डिंगने जोडावे. त्याच्या कडा तिरप्या असाव्या. सरळ उभ्या सांध्याशी भार एकवटून चीर पडते. तत्पूर्वी बॅटरी सोडावी व इंधनाची टाकी उतरवावी. पाट्यांच्या आधारापाशी वा स्टिअरिंगपाशी गंज पोहोचला असेल, तर ठिगळावर मुळीच विसंबू नये. खर्च जड वाटला तरी तो भाग बदलावा. शेवटी आतबाहेर जस्तयुक्त रंग द्यावा, मात्र पाणी निथळण्याची भोके बुजवू नयेत.