आईसोबत अंकोरला जाताना

प्रश्न : आईला कंबोडियाला न्यायचंय. पण अंकोर वाट तर विष्णुमंदिर. तिथे बुद्धाचं दर्शन होईल का? तिचे गुडघेही दुखतात.
– एक वाचक, नागपूर

उत्तर : नक्की होईल. 12व्या शतकात दुसऱ्या सूर्यवर्मनने ते विष्णूसाठी बांधलं हे खरं. पण पुढे तिथे बौद्ध उपासना रुजली, ती आजही चालू आहे. बायोन मात्र आवर्जून दाखवा. सातव्या जयवर्मनच्या त्या बौद्ध मंदिराच्या मनोऱ्यांवरचे मंद हसणारे चेहरे खालूनही दिसतात. आईंना बघतच राहावंसं वाटेल. अंकोर वाटच्या माथ्याचा जिना फार उभा आहे, तो टाळा. खालचं समुद्रमंथनाचं शिल्प सावकाश पाहा. 3 दिवसांचं तिकीट घ्या, ते 10 दिवसांत सवडीने वापरता येतं. खांदे-गुडघे झाकणारे कपडे घाला. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा बरी असते.