हायड्रोजनवर चालणारा ट्रॅक्टर : शक्यता आणि मर्यादा

पाण्यावर ट्रॅक्टर चालेल काय, असा प्रश्न शेतकऱ्यांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. पाणी हे इंधन नव्हे. हायड्रोजन प्राणवायूशी संयोग पावला की पाणी होते. म्हणजे पाणी ही जळून गेलेल्या हायड्रोजनची जणू राखच होय. राखेचे पुन्हा सरपण करावयाचे, तर त्यासाठी बाहेरून शक्ती पुरवावी लागते.

इंधनघट म्हणजे काय?

हायड्रोजनवरील बहुतेक वाहनांत इंधनघट असतो. त्यात टाकीतील हायड्रोजन व हवेतील प्राणवायू यांचा संयोग न जाळता घडवून आणतात. त्यापासून वीज, उष्णता व पाणी निर्माण होते. विजेवर मोटर फिरते. धूर निघत नाही.

शेतावरील प्रयोग

इंधनघटावर चालणारा ट्रॅक्टर अमेरिकेतील ॲलिस-चामर्स कंपनीने 1959 साली चालवून दाखविला. त्यात 1,008 घट असून मोटर 20 अश्वशक्तीची होती. त्याचे इंधन मात्र शुद्ध हायड्रोजन नसून मुख्यतः प्रोपेन वायूचे मिश्रण होते. पुढे 2009 साली न्यू हॉलंड कंपनीने 106 अश्वशक्तीचा हायड्रोजन ट्रॅक्टर सादर केला. त्याची सुधारित आवृत्तीही निघाली. परंतु तो नमुनाच राहिला.

दोन अडचणी

पहिली अडचण साठवणुकीची. एक किलो हायड्रोजनमध्ये सुमारे सव्वातीन लिटर डिझेलइतकी ऊर्जा असते. पण नेहमीच्या हवेच्या दाबास तो 12,000 लिटर जागा व्यापतो. 350 पट दाबाखालीही त्यास सुमारे 42 लिटरची भक्कम टाकी लागते. शिवाय हा वायू रंगहीन व गंधहीन असून बंद गोठ्यात किंवा शेडमध्ये छताखाली साचतो. ठिणगी पडल्यास स्फोटाचा धोका संभवतो.

दुसरी अडचण खर्चाची. पाण्यापासून एक किलो हायड्रोजन काढण्यास 50 ते 55 युनिट वीज लागते. इंधनघटातून परत मिळते ती सुमारे 16 ते 18 युनिट. लांबच्या कच्च्या पाटाने पाणी नेताना वाटेतच मुरावे, तसाच हा प्रकार. तीच वीज थेट बॅटरीत भरल्यास बहुतांश कामी येते. मात्र दिवसभराच्या अवजड नांगरटीस बॅटरी फार मोठी व जड लागते. म्हणूनच हायड्रोजनचे संशोधन चालू आहे.

ध्यानात ठेवावे

शेतकऱ्याचा हायड्रोजनशी संबंध नवा नाही. युरियासाठी लागणारा अमोनिया हायड्रोजन व नत्र यांपासूनच बनतो, आणि हा हायड्रोजन आजही बव्हंशी नैसर्गिक वायू व कोळशापासून काढतात. भारत सरकारने जानेवारी 2023 मध्ये हरित हायड्रोजन अभियानास मंजुरी दिली. त्यात खतनिर्मितीचाही विचार आहे.

पाणी ओतून इंजिन चालविणारे यंत्र कोणी विकावयास आल्यास ग्रामसेवकांनी एकच प्रश्न विचारावा : पाण्यापासून हायड्रोजन काढण्याची शक्ती कोठून येते? याचे उत्तर न मिळाल्यास शेतकऱ्यांनी पैसे देऊ नयेत.