गळ्यातली ढाल

मुलांनो, आरशासमोर उभे राहून पाण्याचा एक घोट घ्या. कंठमण्याच्या खाली, श्वासनलिकेला बिलगून फुलपाखराच्या आकाराची एक ग्रंथी असते. घोट गिळताना ती वरखाली होते. तिला मराठीत अवटू ग्रंथी म्हणतात. बोलताना आपण थायरॉईडच म्हणतो. जर्मन शब्द आहे 'शिल्डड्र्यूझे'. शिल्ड म्हणजे ढाल, ड्र्यूझे म्हणजे ग्रंथी. थायरॉईड हा शब्दही ग्रीक भाषेतल्या ढालीवरूनच आला आहे.

ही ग्रंथी सुजून मोठी झाली की त्याला गलगंड म्हणतात. जर्मनमध्ये 'क्रोप्फ'. पक्ष्याच्या गळ्यातल्या दाण्यांच्या पिशवीलाही जर्मन लोक हाच शब्द वापरतात.

ग्रंथी का वाढते? तिला हार्मोन तयार करायला आयोडीन लागते. ग्रंथीत आयोडीन असते हे फ्रायबुर्गच्या ऑयगेन बाउमान यांनी १८९५ साली शोधले. मोठ्या माणसाला दिवसाला सुमारे १५० मायक्रोग्रॅम, म्हणजे चिमटीतही न मावण्याइतके थोडे, आयोडीन पुरते. भारतात १९६२ पासून गलगंड नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम आहे. जर्मनीत आयोडीनयुक्त मिठाची सक्ती नाही, म्हणून पुडीवर 'योडझाल्ट्स' लिहिले आहे का ते पाहावे. उपासाच्या शेंदेलोणात सहसा पुरेसे आयोडीन नसते.

पण प्रत्येक गलगंड मिठामुळे होत नाही. मेर्झेबुर्गचे डॉक्टर बाझेडो यांनी १८४० साली गलगंड, बाहेर आलेले डोळे आणि छातीतली धडधड असलेल्या आजाराचे वर्णन केले. जपानच्या हाशिमोतो यांनी दुसऱ्या एका आजारावरचा लेख १९१२ साली जर्मन भाषेत छापला. दोन्ही आजारांत शरीराची संरक्षक यंत्रणाच ग्रंथीवर उलटते. अशा वेळी स्वतःच्या मनाने आयोडीनच्या गोळ्या घेऊ नयेत.

आता महत्त्वाची गोष्ट. ग्रंथीचा आकार वेगळा आणि तिचे काम वेगळे. आकार सोनोग्राफीत दिसतो, काम रक्ताच्या तपासणीत कळते. काम मंदावले तर थकवा येतो, थंडी वाजते, वजन वाढते, केस गळतात, मन उदास होते. काम वाढले तर हात थरथरतात, घाम येतो, वजन घटते. कधी गाठ मोठी असूनही रक्ताचा अहवाल चांगला येतो, आणि थकवा मात्र राहतोच. म्हणून तो थकवा खोटा ठरत नाही. त्याचे कारण दुसरीकडे असू शकते: लोह कमी, बी-१२ कमी (शाकाहारी घरांत हे विशेष पाहावे) किंवा झोप अपुरी. अशा माणसाला घरच्यांनी 'आळशी' म्हणू नये.

पालकांसाठी : काय होते, कधी होते, किती दिवस होते, हे मराठीतच वहीत लिहा आणि ती वही डॉक्टरांकडे न्या. गाठ झपाट्याने वाढली, गिळताना किंवा श्वास घेताना त्रास झाला, आवाज बसला, तर थांबू नका.

मुलांसाठी : आईबाबांचे दुभाषी व्हाल तेव्हा आधी त्यांचे पूर्ण ऐका, मग सांगा. 'इश बिन श्टेंडिश म्यूडे' म्हणजे 'मी सतत थकलेली असते'.

स्वाध्याय
१. गलगंड म्हणजे काय?
२. आकार कशाने कळतो? काम कशाने कळते?
३. घरातल्या मिठाच्या पुडीवर काय लिहिले आहे ते वाचून पुढच्या तासाला सांगा.