वाटी केवढी, ते विचारा

आजारी माणसाच्या घरच्यांना ‘जेवण कसं आहे?’ असं विचारलं की बहुतेक वेळा उत्तर येतं, ‘व्यवस्थित आहे, हलकंच देतोय.’ आहारतज्ज्ञ म्हणून इतकी वर्षं काम केल्यावर या उत्तराची मला धास्ती वाटते. माणूस आजाराने खंगतोय असं सगळे धरून चालतात, आणि खरं तर त्याच्या पोटातच काही जात नसतं.

खुब्याचं ऑपरेशन झालेल्या एक आजी होत्या. सत्तरी ओलांडलेली, मधुमेह आणि बीपी जुनाच. हाड छान जुळत होतं, पण कमरेखाली बेडसोर झाला होता आणि तो काही केल्या भरेना. ड्रेसिंग रोजचं, अँटिबायोटिक्सही बदलून झाली. आजी मुळात अंगाने भरलेल्या, त्यामुळे कुपोषणाची शंका कोणालाच आली नाही. मला आधी दिसल्या त्या बांगड्या. हात उचलला की त्या थेट कोपरापर्यंत घसरत होत्या. कानशिलं आत गेलेली, बोलताना कवळी निसटत होती, आणि घोट्यावर बोट दाबलं की खळगा तसाच राहत होता.

सून मनापासून करणारी होती. तिला म्हटलं, “ताई, काल सकाळपासून रात्रीपर्यंत आजींच्या पोटात काय गेलं ते सांगा. वाढलं किती ते नको.”

“सकाळी चहा, दोन बिस्किटं. दहाला रव्याची पेज, वाटीभर.”

“वाटी केवढी?”

तिने डब्यातून काढून दाखवली. चटणीची वाटी होती ती.

“दुपारी वरणभात.”

“वरण घट्ट, की वरचं पाणी?”

“वरचंच. डाळीने जखमेत पू होतो म्हणतात ना.”

दूध कफ होतो म्हणून बंद, अंडं उष्ण म्हणून, उसळ गॅस होतो म्हणून, दाण्याचं कूट पित्तासाठी. बीपीमुळे मीठ तोडलेलं, त्यामुळे जे समोर येई त्यालाही चव नाही. रात्री मुगाची खिचडी, दोन-तीन घास. एकेक पथ्य कोणी ना कोणी काळजीपोटीच सांगितलं होतं, पण ती सगळी एकाच ताटावर येऊन पडली होती.

जुन्या केसपेपरवर चार महिन्यांपूर्वीचं वजन ५६ किलो होतं, आता ४८. त्यातही पायांवरच्या सुजेचं पाणी धरलेलं. महिन्यात ५ टक्के किंवा सहा महिन्यांत १० टक्के वजन आपोआप उतरलं तर ते गंभीर समजतात. इथे १४ टक्के उतरलं होतं. निरोगी माणसाला किलोमागे रोज साधारण ०.८ ग्रॅम प्रथिनं लागतात, वयस्कर माणसाला १ ते १.२, आणि अशी जखम असेल तर १.५ पर्यंत. म्हणजे आजींना साठ-सत्तर ग्रॅम हवी होती. हिशेब केला तर जेमतेम पंधरा मिळत होती. नवीन कातडी धरायची कशातून?

म्हणून घरच्यांना माझं आग्रहाचं सांगणं आहे: रुग्णाचं वजन लिहून ठेवा, आठवड्यातून एकदा, त्याच काट्यावर. उभं राहता येत नसेल तर खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्ये शिंप्याच्या टेपने दंडाचा घेर मोजा, २३.५ सेंटिमीटरच्या खाली असेल तर डॉक्टरांना मुद्दाम सांगा. एक वही करा आणि तीन दिवस जे खरोखर खाल्लं ते वाटी-चमच्याच्या मापात लिहा. त्यात एक दिवस उपासाचा येऊ द्या, कारण साबुदाण्यात पिष्ट सोडून फारसं काही नसतं हे तेव्हा लक्षात येतं. कवळी सैल झाली आहे का, गिळताना ठसका लागतो का, तोंड आलंय का, हेही बघा. भाकरी नको म्हणणाऱ्या कितीतरी जणांना ती आवडत नसते असं नाही, चावता येत नसते.

सलाईनच्या भरवशावर तर अजिबात राहू नका. ‘बाटली लावलीय, म्हणजे ताकद येईल’ हे मी रोज ऐकते. ५ टक्के ग्लुकोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत २५ ग्रॅम ग्लुकोज असतं, शंभरच्या आत कॅलरी. नुसत्या मिठाच्या सलाईनमध्ये एकही नाही.

आजींच्या डॉक्टरांशी बोलून, किडनीचे रिपोर्ट बघून, आम्ही ताट बदललं. घट्ट वरण, पातळ पिठलं, मुगाचं मऊ धिरडं, दुधातली नाचणीची बिनसाखरेची खीर, रोज दोन अंडी, भातावर तूप, चवीपुरतं मीठ. एका वेळी थोडं, पण दिवसातून सहा वेळा. चहा जेवणाला लागून नाही, कारण त्याने अन्नातलं लोह कमी शोषलं जातं. जखमेच्या कडा हळूहळू लाल, ताज्या दिसू लागल्या. ती पूर्ण भरायला बराच काळ गेला, पण भरली.

किडनीचा आजार असेल तर प्रथिनं किती द्यायची हे डॉक्टरांनाच ठरवू द्या. आपल्या मनाने वाढवू नका, आणि आपल्या मनाने तोडूही नका.

आणखी एक, फार महत्त्वाचं. ज्याच्या पोटात आठ-दहा दिवस जवळजवळ काहीच गेलेलं नाही, त्याला मायेपोटी एकदम पोटभर भरवू नका. अशा शरीरात अचानक पिष्ट आणि साखर गेली की रक्तातलं फॉस्फरस, पोटॅशियम, मॅग्नेशियम झपाट्याने उतरतं आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. अशा रुग्णाचं खाणं रक्त तपासून, बी-१ जीवनसत्त्व देऊन, थोड्या थोड्या कॅलरींनी सुरू करतात, आणि ते दवाखान्यातच व्हायला हवं.