तेलदाबाचा काटा खोटा की इंजिन आजारी?

हैदराबादच्या गौलीगुडा भागात लोखंडी पत्र्याच्या कमानदार छपराखाली एक भव्य बसस्थानक अनेक वर्षे उभे होते. निजाम संस्थानाच्या रेल्वेने जून १९३२ मध्ये २७ बसगाड्यांनिशी मार्गवाहतूक सुरू केली. मराठवाडा तेव्हा त्याच संस्थानात होता. विमाने ठेवण्याच्या धर्तीची ही वास्तू प्रवाशांच्या कामी आली आणि दीर्घकाळ टिकली. ५ जुलै २०१८ रोजी ते छप्पर कोसळले. परंतु धोक्याची लक्षणे दिसताच बसगाड्या आधीच तेथून हलविल्या होत्या, म्हणून प्राणहानी टळली. जुन्या वाहनाने दिलेली सूचना मात्र इतक्या तत्परतेने मानली जातेच असे नाही.

इंजिनाचा क्रँकशाफ्ट बेअरिंगमध्ये फिरतो तो तेलाच्या पातळ थरावर. पंपाने दिलेला दाब नाहीसा झाला की तो थर तुटतो, धातूवर धातू घासतो आणि काही मिनिटांत इंजिन जाम होते. ही वार्ता चालकाला देणारे साधन म्हणजे तेलदाबमापक, अर्थात ‘ऑईल गेज’.

प्रस्तुत लेखक दौऱ्यावर ज्या जुन्या जीपमधून हिंडत असे, तिचा काटा कित्येक आठवडे शून्यावर पडून होता. “साहेब, काटा खोटा आहे, गाडी उत्तम चालते,” असे चालक सांगे, आणि ते खरेही होते. पुढे एका घाटात तेल खरोखरच गळून गेले, तेव्हाही काटा शून्यावरच होता. कोणाचेच लक्ष गेले नाही. इंजिन उघडावे लागले. खोटा काटा तसाच ठेवणे किती महाग पडते, हे त्या दिवशी कळले.

काटा अचानक पडला तर प्रथम इंजिन बंद करावे, तर्क नंतर. गाडी सपाट जागी उभी करून थोड्या वेळाने पट्टी काढून तेलाची पातळी पाहावी. पातळी योग्य आहे म्हणजे दाबही आहे, असे मात्र समजू नये. पंप झिजलेला, जाळी चोंदलेली किंवा दाबनियंत्रक झडप अडकलेली असू शकते.

पुष्कळ जुन्या गाड्यांत बारीक नळीतून तेल थेट मापकापर्यंत येते. आतील वक्र नळी दाबाने किंचित उलगडते व काटा फिरतो. पॅरिसच्या बूर्दाँ यांनी १८४९ मध्ये पेटंट घेतलेली ही युक्ती आजही वापरात आहे. अशा गाडीत नळी चेपली, चोंदली वा गळते आहे काय, ते पाहावे. गळणारे गरम तेल चालकाच्या पायावर येऊ शकते.

विजेच्या मापकात इंजिनावर ‘सेंडर’ बसविलेला असतो. इंजिन बंद ठेवून चावी फिरवावी आणि सेंडरची वायर काढावी. काटा एका टोकाला जाईल. वायर क्षणभर इंजिनाच्या स्वच्छ धातूला टेकवावी. काटा दुसऱ्या टोकाला जावा. कोणते टोक कोठे, हे बनावटीनुसार बदलते. काटा हललाच नाही तर दोष वायर, फ्यूज वा मापकात आहे. पेट्रोलचा व तापमानाचा काटाही एकाच वेळी बिघडला असेल, तर विजेच्या सामायिक जोडणीत शोधावे. काटा नीट हलला, तर संशय दोघांवर उरतो: सेंडरवर आणि खऱ्या दाबावर. येथेच बहुतेक मिस्त्री घाई करतात व नवा सेंडर बसवून मोकळे होतात.

यावर खात्रीचा उपाय एकच. सेंडर काढून त्या जागी योग्य आट्यांचा चाचणी-मापक लावावा, इंजिन गरम होऊ द्यावे आणि आकडा निर्मात्याच्या पुस्तिकेशी ताडून पाहावा. पुस्तिका नसल्यास ढोबळ अंदाज असा, की मिनिटाला दर हजार फेऱ्यांमागे सुमारे १० पौंड प्रति चौरस इंच दाब असावा. थंड इंजिनात दाब जास्त आणि गरम इंजिन संथ चालताना कमी दिसणे स्वाभाविक आहे. आकडा समाधानकारक असेल तरच सेंडरला दोषी धरावे.

नवा सेंडर मापकाच्या जोडीचाच घ्यावा, नाहीतर काटा हलतो पण चुकीचे सांगतो. एकाच वायरीच्या सेंडरच्या आट्यांवर जाड टेप गुंडाळू नये. त्याची वीज इंजिनाच्या धातूतूनच परत जाते, आणि टेपने ती वाट अडली की नवा सेंडरही जुन्यासारखाच वागू लागतो.